तीच मागणी, दुसऱ्या दिवशी

वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांच्या हातात एक छापील कागद असतो. विषयाची मांडणी, भाषाशैली, आवाजाची फेक, हावभाव, वेळेचं भान आणि शेवटचा रकाना 'एकूण परिणाम'. शाळेपासून पदवीपर्यंत माझं बोलायला शिकणं या कागदाभोवती झालं. कराड, इस्लामपूर, फलटण, बार्शी. एसटीने जायचं, विषय आधी मिळाला असेल तर वाटेत घोकायचा, उत्स्फूर्त असेल तर चिठ्ठी उचलायची आणि 'पाच अधिक दोन' मिनिटांत सुरुवात, चढ आणि टाळीचं वाक्य बसवायचं. या स्पर्धांनी महाराष्ट्रातल्या लहान गावांतल्या कितीतरी मुलामुलींना चारचौघांत उभं राहायला शिकवलं, मलाही शिकवलं. पुण्यात एम.ए.ला आल्यावर प्रबंधिकेसाठी 'राजकीय भाषणांतील मन वळवण्याच्या रीती' हा विषय मी घेतला, तो याच ओढीने.

सुरुवातीचे महिने सिद्धांतात गेले. ॲरिस्टॉटलने सांगितलेली तीन साधनं पाठ झाली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवादाचं बळ. प्लेटोचा या विद्येवरचा राग वाचला. वक्तृत्व हे औषध देत नाही, नुसतं जिभेचे चोचले पुरवतं, असा त्याचा आक्षेप. आपल्याकडच्या न्यायशास्त्रातली वाद, जल्प आणि वितंडा ही विभागणी मला फार आवडली. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं खोडत राहायचं ती वितंडा. निवडणुकीच्या दिवसांत ही तिन्ही नावं डोक्यात ठेवून कुठलीही सभा ऐकावी, म्हणजे त्यांची धार कळते.

अडचण प्रत्यक्ष भाषणं हातात घेतल्यावर सुरू झाली. छापील भाषणावर मी रंगीत पेन्सिलींनी खुणा करायचे. पुनरुक्ती निळी, प्रश्न विचारून उत्तर सुचवणं हिरवं, विरोधी शब्दांच्या जोड्या लाल, तीन-तीनचे गट पिवळे. मग त्यांचे तक्ते करायचे. तक्ते देखणे व्हायचे आणि त्यातून काहीच निघायचं नाही. सगळे वक्ते सगळंच वापरतात. विझलेल्या भाषणात जेवढी पुनरुक्ती, तेवढीच पेटलेल्या भाषणात. माझ्या मार्गदर्शक मॅडम तक्ते शांतपणे बघायच्या आणि समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहायच्या: 'मग?'

त्या 'मग?'ने मला बरंच छळलं. गावाकडे प्रचार चालू होता, तेव्हा वही घेऊन एका सभेला गेले. ज्या वाक्यांवर टाळ्या पडल्या ती टिपली. घरी येऊन पाहिलं तर त्यातली बरीच वाक्यं ऐकणाऱ्यांना आधीच पटलेली होती. मैदानात मन वळवलं जात नव्हतं, वळलेल्या मनांची हजेरी घेतली जात होती. तेही काम राजकारणात लागतं, त्याला कमी लेखू नये. पण माझा प्रश्न निराळा होता. ज्यांना ऐकायचंच नाही, अशा माणसांसमोर उभं राहून त्यांना ऐकायला लावणारं भाषण कसं घडतं?

हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मग असं भाषण घे, ज्याच्या शेजारी न पटलेलं भाषणही ठेवता येईल. मागणी तीच हवी, ऐकणारेही तेच हवेत." आणि त्यांनी संविधान सभेच्या कामकाजाचा पहिला खंड काढायला सांगितला.

13 डिसेंबर 1946. पंडित नेहरूंनी संविधान सभेत उद्दिष्टांचा ठराव मांडला. भारत स्वतंत्र, सार्वभौम प्रजासत्ताक असेल, हा त्याचा गाभा. सभेला सुरुवात होऊन चारच दिवस झाले होते आणि मुस्लिम लीगने बहिष्कार घातला होता. कलकत्ता, नोआखाली, बिहार या त्या वर्षाच्या दंगलींच्या जखमा ओल्या होत्या. गांधीजी स्वतः नोआखालीत होते. ठराव एकमुखाने मंजूर व्हावा अशी सभागृहाची इच्छा होती. 16 डिसेंबरला बॅरिस्टर मुकुंदराव जयकर उठले आणि त्यांनी उपसूचना मांडली: लीगच्या आणि संस्थानांच्या प्रतिनिधींना यायला वाव मिळावा म्हणून या ठरावाचा विचार पुढे ढकलावा.

हे मी वाचत होते ते जयकर ग्रंथालयातच. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून त्यांचं नाव या वास्तूला आहे आणि तिथे बसणाऱ्या आम्हा मुलांपैकी फार थोड्यांना त्यांचं हे भाषण ठाऊक असेल. जयकर नामांकित कायदेपंडित. त्यांनी ब्रिटिश त्रिमंत्री योजनेच्या 16 मे 1946 च्या निवेदनाचा आधार घेतला. सभेच्या कामाचे टप्पे काय ठरले आहेत, आज कोणत्या टप्प्यावर काय करता येतं आणि काय करता येत नाही, हे त्यांनी मुद्देसूद मांडलं. युक्तिवाद म्हणून त्यात खोट काढणं कठीण आहे. पण छापील कामकाजात सदस्यांनी मध्येच अडवल्याच्या खुणा दिसतात आणि पुढच्या वक्त्यांनी ती उपसूचना झोडपून काढली.

दुसऱ्या दिवशी, 17 डिसेंबरला, अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक डॉ. आंबेडकरांचं नाव पुकारलं. त्यांचीही भूमिका जयकरांचीच होती: ठराव आज रेटू नका. आणि वक्ता म्हणून त्यांची स्थिती जयकरांपेक्षा कितीतरी अवघड होती. काँग्रेसचा त्यांच्याइतका कठोर टीकाकार त्या सभागृहात दुसरा नव्हता. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, हा जाब विचारणारं त्यांचं पुस्तक आदल्याच वर्षी आलेलं. मुंबईतून निवडून यायची वाट बंद झाल्यावर जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने ते बंगालमधून सभेत आले होते. समोर बहुसंख्य काँग्रेसजन. काय ऐकावं लागणार, याचा अंदाज त्या लोकांनी आधीच बांधला असणार.

तरीही सभागृहाने ते भाषण स्तब्ध होऊन ऐकलं, मोठ्या टाळ्यांनी उचलून धरलं आणि बाहेर लॉबीत त्यांच्याभोवती अभिनंदनाची गर्दी झाली. ही आठवण काकासाहेब गाडगीळांनी लिहून ठेवली आहे, आणि गाडगीळ काँग्रेसचे होते.

मागणी तीच, सभागृह तेच, मध्ये एका दिवसाचं अंतर. मॅडमनी सांगितलेलं नेमकं हातात आलं होतं. पण माझ्या रंगीत पेन्सिली इथेही निरुपयोगी ठरल्या. अलंकारांच्या हिशेबात दोन्ही भाषणांत विशेष फरक निघेना. मग मी खुणा करायचं सोडलं आणि एक-एक परिच्छेद वाचून थांबायला लागले. इथे ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल? आता तो पुढे कशाची वाट बघत असेल? असं वाचायला वेळ फार लागतो. एका पानावर संध्याकाळ जायची.

आंबेडकरांची सुरुवात अगदी साधी आहे. आपलं नाव इतक्यात येईल असं वाटलं नव्हतं, अजून वीस-बावीस जण पुढे होते, आज आपण तयारीशिवाय आलो आहोत आणि वेळ दहाच मिनिटं आहे, असं ते सांगतात. मग ठरावाचे दोन भाग करतात, वादाचा आणि बिनवादाचा. बिनवादाच्या भागावरही ते खूश नाहीत. समाजवादी म्हणून ज्यांची ख्याती आहे त्या नेहरूंकडून आलेला ठराव म्हणून तो आपल्याला निराश करतो, असं स्पष्ट म्हणतात. हक्क सांगितले, पण ते मोडले तर दाद कुठे मागायची ते सांगितलं नाही. जमीन आणि उद्योग यांच्या मालकीबद्दल काही नाही. म्हणजे सौम्य व्हायचं म्हणून त्यांनी आपली मतं गिळलेली नाहीत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सलोख्याचं बोलताना माणूस आधी स्वतःचे कोपरे घासून घेतो. इथे कोपरे शाबूत आहेत, म्हणून पुढच्या सलोख्याला वजन येतं.

आणि मग भाषण वळतं. आज आपण राजकीय, सामाजिक, आर्थिक दृष्ट्या दुभंगलेलो आहोत, एकमेकांशी लढणाऱ्या छावण्या आहोत, आणि अशा एका छावणीचा मीही बहुधा एक नेता आहे, असं ते म्हणतात. त्याच्या लगेच पुढे: असं असूनही, वेळ आणि परिस्थिती लाभली तर या देशाला एक होण्यापासून जगातली कोणतीही गोष्ट अडवू शकणार नाही, याची मला खात्री आहे. आज फाळणी मागणाऱ्या लीगलाही एक दिवस अखंड भारत हिताचा वाटेल, हेही सांगतात.

या दोन वाक्यांपाशी मी किती थांबले असेन! एकतेची ग्वाही त्या दिवसांत कोणीही देत होतं. पण ती देणारा माणूस आधी 'मी भांडणाऱ्यांपैकीच एक आहे' असं सांगतो, तेव्हा ग्वाहीचा अर्थ बदलतो. त्यांच्यावरचा समोरच्यांचा राग, आयुष्यभराचा विरोध, सगळं त्या क्षणी त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला उभं राहतं. ॲरिस्टॉटलने वक्त्याच्या विश्वासार्हतेबद्दल जे सांगितलं ते मी परीक्षेत लिहिलं होतं. विरोधक म्हणून कमावलेली विश्वासार्हता ऐन वेळी कशी कामी येते, हे मला या परिच्छेदाने शिकवलं. जयकर नेमस्त, मध्यस्थीसाठी प्रसिद्ध. 'थांबा' हा शब्द त्यांच्या तोंडी अपेक्षितच होता. आंबेडकरांच्या तोंडून मात्र एकतेची ग्वाही कोणी अपेक्षिली नव्हती.

पुढे बलवान केंद्राचा मुद्दा येतो. 1935 च्या कायद्यातल्यापेक्षाही बळकट केंद्र आपल्याला हवं आहे, असं ते म्हणतात. सभागृहाच्या मनातलंच हे, आणि त्यांचंही मनापासूनचं. त्यानंतर उपसूचनेची वेळ येते. जयकरांनी अधिकाराचा प्रश्न मांडला होता: आज हा ठराव करायचा सभेला अधिकार आहे का? अधिकारावर बोट ठेवलं की अभिमानी सभागृह पेटणारच. आंबेडकर कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवतात. तुम्हाला अधिकार असेल, धरून चालू; पण हे करणं शहाणपणाचं आहे का? सत्ता असणं वेगळं आणि शहाणपण वेगळं. 'नाही, आम्हाला अधिकार आहे' हे उत्तर सभागृहाच्या ओठांवर तयार होतं, आणि त्या उत्तराची गरजच उरली नाही. माझ्या वहीत या जागी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे: 'प्रश्न बदलला.' मी वाचलेल्या सगळ्या सिद्धांतांपेक्षा ही नोंद मला आजवर जास्त उपयोगी पडली. समोरच्याच्या उत्तरावर हल्ला करण्याऐवजी, ज्याचं उत्तर त्याच्यापाशी अजून तयार नाही असा खरा प्रश्न त्याच्यासमोर ठेवायचा. तो खरा मात्र असला पाहिजे, नाहीतर ती नुसती चलाखी होते.

मग ते तीन वाटा दाखवतात: एकाने दुसऱ्याला शरण जाणं, वाटाघाटीने तह किंवा उघड युद्ध. युद्ध झालंच तर ते ब्रिटिशांशी होणार नाही, मुसलमानांशी होईल, हे त्या सभागृहात मोठ्याने बोलायला छाती लागते. इथे ते एडमंड बर्कचा उतारा वाचतात. अमेरिकन वसाहतींशी समेट करा, असं बर्कने 22 मार्च 1775 रोजी ब्रिटिश पार्लमेंटात सांगितलं होतं. बळाने मिळवलेला ताबा टिकत नाही, पुन्हा पुन्हा जिंकत राहावं लागतं, असा त्या उताऱ्याचा आशय. तयारीशिवाय आलो म्हणणाऱ्या माणसापाशी बर्क असा हाताशी असतो. दहा मिनिटांची तयारी नसेल, तीस-चाळीस वर्षांच्या वाचनाची होती. स्पर्धांच्या 'उत्स्फूर्त' फेरीत आम्ही जे करायचो, त्याला हा शब्द वापरणं मला तेव्हापासून जड जातं.

लोक नेत्यांच्या आणि पक्षांच्या प्रतिष्ठेबद्दल बोलत होते. देशाचं भवितव्य ठरवताना माणसांच्या, नेत्यांच्या, पक्षांच्या प्रतिष्ठेला किंमत नसावी, असं ते सांगतात, आणि आपल्यापाशी सर्वांना बरोबर नेण्याचं शहाणपणही आहे हे वागण्यातून सिद्ध करू या, या विनंतीवर थांबतात. मला वाटतं, न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर जल्पाची अपेक्षा करणाऱ्या सभागृहात त्यांनी वाद आणला.

वसतिगृहात मी हे भाषण मोठ्याने वाचून बघायचे, कुठे श्वास घ्यावा लागतो ते कळावं म्हणून. त्या छावणीच्या वाक्यापाशी माझा आवाज जड व्हायचा. ते वाक्य कसं बांधलंय, आधी काय आलं, पुढे काय येणार, सगळं मला तोंडपाठ होतं आणि तरी. भाषणं चिरून बघण्याचा अभ्यास केला की माणूस कोरडा होतो, हे माझ्या अनुभवाला आलं नाही. काही भाषणं मात्र उकलून पाहिल्यावर हातात काहीच राहत नाही, आणि काही पूर्वीपेक्षा मोठी होतात.

प्रबंधिकेचं सर्वांत कठीण प्रकरण शेवटचं होतं: परिणाम. मॅडमचा 'मग?' तिथेही होता. भाषणाने झालं काय? 21 डिसेंबरला सभेने ठरावाची चर्चा जानेवारीपर्यंत पुढे ढकलली. लीग आली नाही. 22 जानेवारी 1947 रोजी ठराव मंजूर झाला. ऑगस्टमध्ये देशाची फाळणी झाली आणि जे घडू नये म्हणून ते बोलत होते, तेच पंजाबात आणि बंगालात घडलं. फाळणीमुळे आंबेडकरांची बंगालमधली जागा गेली. जयकरांनी सोडलेल्या जागेवर काँग्रेसने त्यांना मुंबईतून निवडून आणलं आणि 29 ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली तेव्हा तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. यात 17 डिसेंबरच्या भाषणाचा वाटा किती? त्या भाषणामुळेच हे झालं, असं लिहिण्याचा मोह मला फार झाला. वाक्य टाळीचं होतं. पण राजकारणातले निर्णय अनेक कारणांनी होतात आणि त्यातलं एक कारण तराजूत घालून दाखवायला माझ्यापाशी पुरावा नव्हता. ते वाक्य काढून टाकलं.

त्याऐवजी 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण शेजारी ठेवलं. तिथे तर मन वळवायला समोर कोणी नव्हतंच. संविधान दुसऱ्या दिवशी स्वीकारलं जाणार, हे ठरलेलं. तरी ते इशाऱ्यांमागून इशारे देतात: रक्तपाताचे आणि बेबंदशाहीचे मार्ग सोडा, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतींनी भरलेल्या जीवनात पाऊल टाकणार आहोत, राजकारणात समता आणि समाजात विषमता. हे सगळं टाळ्या देणाऱ्या सभागृहाला उद्देशून नाही. ऐकणारे अजून जन्मायचे होते. आणि महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी, ज्यांना शाळेचा उंबरा दिसला नव्हता अशा माणसांसमोर, त्यांनी 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला मराठीतून दिला. परीक्षकांच्या कागदावर याला 'श्रोत्यांना अनुरूप नाही' म्हणून गुण कापले गेले असते. श्रोता आज आहे तेवढाच आहे असं न मानता, तो जितका होऊ शकतो तितका मानून त्याच्याशी बोलणं, ही गोष्ट मी तिन्ही भाषणांत पाहिली. तक्त्यात ती कोणत्या रंगाने दाखवायची, हे मला अजून सुचलेलं नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "जयकरांना तुम्ही न्याय दिलाय का?" मी म्हटलं, अर्धाच. खरंच अर्धा दिला होता. जयकरांनी वाट काढली नसती, उपसूचना मांडून सगळा राग अंगावर घेतला नसता, तर दुसऱ्या दिवशी अधिकाराचा प्रश्न बाजूला ठेवायला आंबेडकरांना तो तिथे सापडलाच नसता. आता पीएच.डी.साठी मी न पटलेल्या भाषणांवर काम करते आहे. जयकरांचं भाषण पहिलं घेतलंय. कोणत्या वाक्यांपाशी त्यांना अडवलं गेलं आणि नंतर ते काय बोलले, एवढंच सध्या बारकाईने बघते आहे. दुसरं बर्कचं. 1775 च्या त्या दिवशी पार्लमेंटने त्याचं म्हणणं मोठ्या बहुमताने फेटाळलं होतं. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत लढाईला तोंड लागलं. आणि 171 वर्षांनी दिल्लीत एक पूर्ण सभागृह त्याचे शब्द शांतपणे ऐकत होतं.